साप चावला, मग तो मेला ना?

वर्ष संपत आलं की आठवीच्या फ्रेंचच्या मुलांना मी ‘ल पती प्रँस’ (छोटा राजपुत्र) दाखवते. मार्क ऑसबॉर्नचा २०१५ चा अ‍ॅनिमेशनपट. त्याआधी मूळ पुस्तकाच्या शेवटच्या पानांची झेरॉक्स वाटते. वाळवंटात अडकलेल्या वैमानिकाला दुसऱ्या ताऱ्यावरून आलेला छोटा राजपुत्र भेटतो, ती फ्रेंच लेखक आंत्वान द सँतेक्झ्युपेरीची ही गोष्ट १९४३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी, ३१ जुलैला, सँतेक्झ्युपेरी कॉर्सिकाहून विमान घेऊन निघाला आणि परतला नाही.

यंदा वाचन चालू होतं. राजपुत्राच्या घोट्यापाशी पिवळं काहीतरी चमकतं आणि तो झाड पडावं तसा हळूच पडतो. खाली वाळू, त्यामुळे आवाजही होत नाही. ‘तोंबा’ (पडला) हे रूप बोलताना वापरत नाहीत, लिहिलेल्या गोष्टीतच येतं, असं मी फळ्यावर समजावत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, साप चावला म्हणजे तो मेला ना?”

माझं ठरलेलं उत्तर होतं. तो आपल्या ताऱ्यावर परत गेला, उजाडल्यावर वैमानिकाला त्याचं शरीर सापडत नाही, बघ, पुढे लिहिलंय. तेच दिलं. मुलगा उभाच राहिला.

“आजोबा गेले तेव्हा घरी मलापण असंच सांगितलं. तारा झाले म्हणून. पण मी स्मशानात गेलो होतो मॅडम.”

वर्गात कुणी हललं नाही. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “हो. मला वाटतं, तो मेला.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी वर्गात कधीच उच्चारलं नव्हतं.

मग सिनेमा लावला. पुस्तकातली गोष्ट त्यात कागदी वाटाव्यात अशा बाहुल्यांतून येते, आणि तिच्याभोवती आजच्या एका मुलीची आणि शेजारच्या म्हाताऱ्या वैमानिकाची नवी कथा आहे. म्हातारा आजारी पडतो तेव्हा मुलगी राजपुत्राला शोधायला निघते. तो सापडतो, पण मोठा झालेला, सगळं विसरलेला, साफसफाईची कामं करणारा. ती त्याला त्याच्या लघुग्रहावर घेऊन जाते. तिथे त्याचा लाडका गुलाब वाळून गेलेला असतो. हात लावताच त्याचा भुगा होतो. मग सूर्य उगवतो आणि त्या लाल उजेडात गुलाबाचा आकार दिसतो.

‘पुस्तकाचा शेवट सिनेमाने गोड करून टाकला’ असं म्हणणारे मला बरेच भेटलेत. मलाही तो मधला पाठलाग लांबलेला वाटतो. पण त्या भुग्यापाशी सिनेमा खोटं बोलत नाही. फूल मेलेलं आहे. मुलगी परत येऊन दवाखान्यात म्हाताऱ्याच्या हातात त्यानेच लिहिलेली राजपुत्राच्या गोष्टीची पानं बांधून केलेलं पुस्तक ठेवते, तेव्हाही तो बरा होईल असं कुणी म्हणत नाही.

पुस्तकातला कोल्हा राजपुत्राला ‘आप्रिव्वाझे’ म्हणजे काय ते सांगतो. कोशात त्याला ‘माणसाळवणे’ आहे. मी मुलांना ‘लळा लावणे’ सांगते, कारण लळा लागला की पुढे रडू येणार हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही. कोल्हाही म्हणतो, मी रडणार. पण त्याला गव्हाचा रंग मिळतो. ते सोनेरी शेत पाहिलं की राजपुत्राचे केस आठवणार.

दिवे लागले. बाकीची मुलं दप्तरं भरत होती, तो मात्र झेरॉक्स घेऊन टेबलापाशी आला. शेवटचं चित्र, वाळूच्या टेकड्यांच्या दोन रेषा. आधीच्या पानावरची तीच जागा, फक्त राजपुत्र नसलेली.

“मॅडम, इथे वर काहीतरी होतं का?”

मी पुस्तक उघडलं. वरती तारा होता. आमच्या मशीनची शाई फिकी, तो उमटलाच नव्हता. मुलाने माझं पेन मागून घेतलं, पुस्तकातली जागा बोटाने मोजली आणि आपल्या कागदावर तारा काढला. मग बाकांवर राहिलेल्या झेरॉक्स गोळा करून त्यांवरही काढत बसला.