उलट्या वाऱ्यात टिकलेलं वाक्य

मोटरसायकलवर निघताना देवापुढे एक प्रश्न ठेवायचा आणि मग ऐकत राहायचं, ही माझी प्रार्थनेची रीत. राइडमध्ये मनात उमटतं ते देवाचं की माझंच, या ज्या प्रश्नावर मागच्या नोंदीत अडले होते तो बऱ्यापैकी सुटला आहे. सुटला तोही अशा राइडमध्ये, जिच्यात मला एक क्षणही मजा आली नाही. या वेळी चेनच्या देखभालीवर आणि सकाळच्या मननावर लिहायचं ठरवलं होतं, ते राहू दे. हे आधी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हेल्मेटमधल्या वाऱ्याच्या आवाजाचं काम पटकन उरकते. उंच विंडस्क्रीन काढून टाकली. ज्यांना शंका आहे त्यांनी सरळ, मोकळ्या रस्त्यावर पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, किंचित उभं राहून बघावं. डोकं वरच्या स्वच्छ वाऱ्यात गेल्यावर गडगडाट कमी झाला, तर दोष हेल्मेटचा नसून स्क्रीनच्या कडेवरून फुटून येणाऱ्या हवेचा आहे. माझ्या गाडीवर तोच निघाला. आता वारा छातीवर येतो, दमवतो, पण कानाशी धडका मारत नाही. हेल्मेटमधला इंटरकॉमही उतरवला. चालत्या गाडीवर शास्त्रवाचन ऐकण्याचा काही जणांना लाभ होतो हे मला मान्य आहे. माझ्या बाबतीत कानात कुणीतरी सतत वाचत असलं की मन तेवढ्यावरच समाधान मानतं आणि पुढे थांबून ऐकत नाही.

इअरप्लगबद्दल पुन्हा एकदा, कारण अजूनही काही जण ते न घालता निघतात. ताशी १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत ९५ डेसिबलच्या पुढे आवाज असू शकतो. ८५ डेसिबलला आठ तास हे कामाच्या ठिकाणचं प्रमाण धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे ९७ ला अर्धाच तास उरतो. साधे फोमचे प्लग मला गाळणीवाल्या महागड्या प्लगपेक्षा बरे वाटतात. बारीक वळायचे, कान वर आणि मागे ओढून खोल सरकवायचे, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. अर्धवट बसलेला प्लग बाहेरचा आवाज जेमतेम अडवतो आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमवतो. पुटपुटत प्रार्थना करणाऱ्यांना हा अनुभव आला असेल, सगळं हेल्मेट आपल्याच शब्दांनी भरून जातं. म्हणून चाक फिरत असताना मी आता काहीच मागत नाही. निघण्याआधी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून प्रश्न एकदाच मांडायचा आणि किल्ली फिरवायची. वळणात प्रार्थना नाही, हा आपला नियम तर आहेच. वळणात नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे, आणि लक्ष सगळं तिथेच.

आता मूळ अडचण. आत जे उमटलं ते देवाचं की माझं?

या मोसमात टाकीवर एकच प्रश्न होता: दुसऱ्या शहरातली बदली घ्यावी की नाही. उत्तर लवकर आलं, स्पष्ट आलं, आणि प्रत्येक चांगल्या राइडला पुन्हा येत राहिलं. जा. थांबल्यावर, इंजिन टिकटिक करत गार होत असताना, वहीत लिहायचे आणि खाली नेहमीची ओळ: मनात शांती आहे. त्याच पानांच्या कडेला अधूनमधून दुसरंही एक वाक्य होतं, ज्याचा मी विचारलेल्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. दादाला फोन कर. आईच्या आजारपणात आमचं बिनसलं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. ते वाक्य आलं की मी ते लिहायचे आणि पान उलटायचे.

आतला विचार देवाकडचा की नाही हे ओळखायला जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची पारख आपल्यापैकी बरेच जण वापरतात. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की पराक्रमाची आणि दरबारी प्रेमाची स्वप्नं रंगवताना गोडी वाटते, पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगण्याचा विचार केला की तो सरल्यावरही आनंद मागे राहतो. सगळी मदार या मागे राहणाऱ्यावर. मीही तेच बघत होते, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. चांगल्या राइडनंतर मागे आनंद राहतोच! अंगात वाऱ्याची लकाकी असते, हात हलके असतात, डोकं धुतल्यासारखं असतं. त्या अवस्थेत काहीही लिहिलं तरी त्याला शांतीचा सुगंध येतो. एका संध्याकाळी सगळी वही मागे चाळली तेव्हा दिसलं की 'शांती' हा शब्द कोरड्या रस्त्याच्या आणि लांब वळणांच्या दिवशी हमखास आहे, पावसाच्या दिवशी जवळजवळ नाही. विचार कोणता होता याच्याशी त्याचा मेळ लागत नव्हता. फार निराश झाले. वाटलं, जे मी देवाचं म्हणून इतकी वर्षं जपलं त्यातलं कितीतरी नुसतं डांबराचं आणि हवामानाचं असेल.

उपाय सुचेना. राइड कमी आवडीची करावी असं कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, कारण तो आनंदही त्याचंच देणं आहे असं मी मनापासून मानते.

मग ती राइड आली. जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. परतीला समोरून वारा, मध्येच आडवे झोत, व्हायझर आतून धुकटलेला, हातमोजे पाण्याने जड. ताशी ५० च्या वर जाववेना. ट्रक शेजारून गेला की गाडी आधी त्याच्याकडे ओढली जाई आणि तो पुढे सरकताच वारा परत अंगावर येई. प्रश्न टाकीवर ठेवला होता, पण त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. एका आडोशाला थांबले, थरथरत्या हाताने वही काढली आणि 'बदली' हा शब्द लिहिला. आत काहीच नव्हतं. कालपर्यंत इतकं ठाम असलेलं 'जा' कुठेही सापडलं नाही. त्याच्या बाजूने एक कारणही आठवेना. आणि त्या ओल्या, वैतागलेल्या मनात दुसरं वाक्य जसंच्या तसं उभं होतं. दादाला फोन कर. त्यात उत्साह नव्हता, गोडवा नव्हता. भीती होती, आणि तरी ते हललं नव्हतं.

घरी येऊन गाडी पुसताना एकदम लक्षात आलं की आपण टायरची हवा कधी मोजतो. थंड टायरवर. तासभर पळवलेला टायर दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो, आणि तो आकडा खरा धरून हवा सोडली तर सकाळी टायर मऊ सापडतो. मी वही गरम असतानाच वाचत होते. त्या दिवसापासून रीत बदलली आहे. थांबल्यावर फक्त उमटलेलं वाक्य लिहायचं, त्याच्याबद्दल काय वाटतं ते नाही. ते दुसऱ्या दिवशी, रात्रीची झोप झाल्यावर, गाडी झाकलेली असताना. आणि एखादी मोठी गोष्ट असेल तर ती किमान एका वाईट राइडमधून पार झाल्याशिवाय तिच्यावर पाऊल उचलायचं नाही.

हे लिहिताना बायबलमधला लहानगा शमुवेल सारखा आठवतोय. देवाची हाक ऐकून तो तीनदा एली याजकाकडे धावला, कारण त्याला ती ओळखीच्या माणसाचीच वाटली. ती कुणाची आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं. आणि शेवटी जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्धचा होता, सकाळी सांगायची भीती वाटावी असा. माझं दुसरं वाक्य मला नकोसं होतं एवढ्यावरून ते देवाचं ठरत नाही, हे मला कळतं. स्वतःला टोचत राहायची सवय असलेल्या माणसाला नकोसं तेच पवित्र वाटू लागतं. म्हणून मीही एका वयस्कर ताईंना वही दाखवली. त्या गाडी चालवत नाहीत, प्रार्थना मात्र आयुष्यभर करत आल्या आहेत. त्यांनी पानं शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "फोन केल्याने कुणाचं वाईट होणार आहे का?"

फोन केला. दादा आधी गप्प होता, मग त्याने विचारलं, "अजून ती गाडी आहे का गं?" बाकीचं आमच्या दोघांचं. सगळं मिटलेलं नाही, पण पुढच्या रविवारी पुन्हा बोलायचं ठरलं आहे.

बदलीचं म्हणाल तर ते 'जा' खोटं होतं असंही मी म्हणत नाही. वळणात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवतो ना आपण? मला आत्ता दिसत होता तो रस्ता एका फोनपुरता होता. बदलीचा निर्णय कळवायला अजून मुदत आहे, तो पुन्हा थंड वाचेन.

पुढच्या टप्प्यात जाताना प्रश्न आणि येताना दिवसाची उजळणी असं ठरवलं होतं. पण आत्ता हे लिहिता लिहिता वाटतंय की काही राइड प्रश्नाशिवायच कराव्यात. दादाचं वाक्य मी विचारलेलंच नव्हतं. टाकीवर नुसता हात ठेवायचा, 'बोल, ऐकते आहे' एवढं म्हणायचं आणि निघायचं. वहीत अशा राइडला वेगळी खूण करेन, म्हणजे दोन्हींची पानं पुढे शेजारी ठेवून वाचता येतील.

ज्यांच्या मागे नेहमी पिलियन, म्हणजे मागच्या सीटवर कुणीतरी, असतं त्यांना एक विचारायचं आहे. थांबल्यावर शांतपणे वहीत लिहायची ती पहिली पाच मिनिटं तुम्ही कशी सांभाळता? माझी भाची पुढच्या महिन्यापासून मागे बसणार आहे, आणि ती गाडी थांबायच्या आत बोलायला लागते. तिला यात सामील करून घ्यावं असं मनात आहे. तिलाही एक छोटी वही देऊन बघणार आहे.