शेवटची दोन मिनिटं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी भाचा विचारतो, सून विचारते, गणपतीत आलेले पाहुणेही विचारतात, आणि मी "दूध बघून येते" म्हणून वेळ मारून नेते. प्रश्न एकच असतो. हॉकीची मॅच मी पहिल्या शिट्टीपासून जागची न हलता बघते, मग शेवटची दोन मिनिटं राहिली की उठून स्वयंपाकघरात का जाते?

काहींना वाटतं मी शकुन पाळते. तसं असतं तर सोपं होतं. 2000 साली सिडनीत पोलंडविरुद्ध मी टीव्हीसमोरच बसले होते आणि व्हायचं ते झालं. 2016 साली रिओत जर्मनीविरुद्ध मी ओट्याशी होते. तीन सेकंद उरले असताना त्यांनी गोल केला आणि आपण 2-1ने हरलो. माझ्या असण्या-नसण्याचं त्या चेंडूला काही पडलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी खडकीची. वडील कारखान्यात होते, आणि आमच्याकडे हॉकी पाढ्यांसारखी घोकून घेतली जायची. 1928 ते 1956, ओळीने सहा सुवर्ण. लॉस एंजेलिसला अमेरिकेवर 24-1. बर्लिनला जर्मनीवर 8-1. हे आकडे बाबांनी स्वतः केलेल्या गोलांसारखे सांगावेत. लॉस एंजेलिसला 1932 साली हॉकीत एकंदर तीनच संघ होते आणि त्या अमेरिकेलाही कांस्य मिळालं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते फार पुढे कळलं. 1980च्या मॉस्कोच्या सुवर्णाचंही तेच. बहिष्कारामुळे अर्धे तगडे संघ आलेच नव्हते. मी एकदा हे बोलून दाखवलं तर बाबा म्हणाले, "आले नाहीत तो त्यांचा प्रश्न. आम्ही आलो होतो ना?"

"आम्ही" हं! बाबा खडकीच्या पुढे फारतर पंढरपूरला गेले असतील.

मला वाटतं, माझ्या उठून जाण्याचं मूळ तिथे आहे. बाबांची अपेक्षा सोन्याची होती आणि ती त्यांना फुकट मिळाली होती. त्यांच्या लहानपणी आपण जिंकतच होतो. मला अपेक्षा तेवढीच मिळाली, पण संघ दुसरा मिळाला. माँट्रियलला 1976मध्ये ऑलिंपिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेले आपण सातवे आलो. गवतावर चेंडू स्टिकला चिकटवून चार जणांना चकवायची आपली कला. टर्फवर धावणारे, जोरात मारणारे पुढे निघून गेले. आमच्याकडची पोरं तेव्हा मातीत गुडघे फोडत होती. टर्फ आम्ही फक्त फोटोत पाहिलेलं.

मग 1982चं दिल्ली, आशियाई खेळ. कॉलनीत एका घरी टीव्ही होता, तिथे आम्ही पंचवीस-तीस माणसं बसलो होतो. समोर पाकिस्तान, फायनल. पहिला गोल आपला झाला आणि एवढा जल्लोष झाला की त्या घरच्या काकूंनी चहाचं आधण ठेवलं. तो चहा कोणी प्यायलंच नाही. 1-7. चौथ्या-पाचव्या गोलानंतर लोक गोलकीपरला शिव्या घालायला लागले, आणि आठवड्याभरात मीररंजन नेगी विकला गेला होता असं जो तो शपथेवर सांगत होता. बाबाही. आई तेवढी म्हणाली, "बाकीचे दहा जण काय देवळात गेले होते?" त्या माणसाच्या नशिबी पुढे कित्येक वर्षं जे आलं ते आमच्यासारख्यांच्या चाळीतूनच निघालं होतं. आजही मला याची लाज वाटते. हरल्याचं दुःख नाही म्हणत मी, ते बोलणं.

सिडनीचं तुम्हाला आठवत नसेल. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, मोडक्या स्टिकांवर खेळ शिकलेला. तेव्हा त्याचं तिसरं ऑलिंपिक. पोलंडला हरवलं की सेमीफायनल, इतका सरळ हिशेब. आपण 1-0ने पुढे. घड्याळात दोन मिनिटंसुद्धा नव्हती. बाबांनी पेढ्यांसाठी शर्टाच्या खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले आणि तेवढ्यात पोलंडने बरोबरी केली. त्या बरोबरीमुळे आपल्याऐवजी कोरिया पुढे गेला, रौप्यपदक घेऊन आला. पैसे माझ्या मुठीत ओले झाले होते. परत मागायचं बाबांना सुचलं नाही, द्यायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर मी उठायला लागले. बाबा मात्र शेवटपर्यंत बसून बघायचे. 2008 साली चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनने आपल्याला हरवलं आणि आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही, ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली आणि शब्दकोडं काढलं. लंडनला 2012मध्ये आपण बारावे, म्हणजे शेवटचे. ते बघायला बाबा नव्हते, बरं झालं.

माझा भाचा क्रिकेटवाला. अहमदाबादची 2023ची फायनल हरल्यावर दोन दिवस जेवला नाही. सलग दहा सामने जिंकून असं व्हावं, हे त्याला अन्यायाचं वाटत होतं. पुढच्या जूनमध्ये बार्बाडोसला आपण टी-ट्वेंटीचा चषक जिंकला आणि गडी खूश! सात महिने. आमची रांग एक्केचाळीस वर्षांची होती हो.

टोकियोला ती संपली, 5 ऑगस्ट 2021, सकाळी. जर्मनीविरुद्ध 1-3वरून आपण 5-3 केलं, मग ते 5-4. सहा-सात सेकंद राहिले असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी अर्थातच आत, पोह्यांच्या कढईसमोर. आमच्याकडे मॅच मोबाईलवर लावलेली, ती शेजारच्या टीव्हीपेक्षा जरा मागे. त्यामुळे भिंतीपलीकडचा ओरडा आधी ऐकू आला, आणि तो आनंदाचा की कशाचा ते कळेपर्यंत मी पोह्यात दुसऱ्यांदा मीठ घातलं. आपला गोलकीपर श्रीजेश, त्याने चेंडू अडवला होता. बाहेर आले तर तो गोलपोस्टवर चढून बसलेला. कांस्यच, पण खारट पोहे सगळ्यांनी मागून मागून खाल्ले. बाबा असते तर म्हणाले असते, "कांस्य? बरं."

पॅरिसला 2024मध्ये तर उलटंच. न्यूझीलंडविरुद्ध आणि अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत गोल झाले ते आपले, दोन्ही कर्णधार हरमनप्रीतचे. मी दोन्ही वेळा आत होते. सून म्हणाली, "आता तरी बसा." स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात 2-1 असताना मी दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभी राहिले, पाठ टीव्हीकडे. सध्या एवढंच जमतंय.

तेव्हा यापुढे मी उठले की विचारू नका, आणि आवाजही कमी करू नका. मला आतून ऐकायचं असतं.