जंगी दंगलचं टिंब

लातूरला गंजगोलाईजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गेल्या जत्रेच्या सीझनला एका गावची यात्रा कमिटी आली, कुस्त्यांचा बॅनर पाहिजे, 20 बाय 10 फूट, अन् अक्षर असं पाहिजे की लाल मातीत घोळून उठल्यागत वाटलं पाहिजे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा हा जिल्हा, कुस्तीच्या कामात हयगय मला स्वतःलाच चालत नाही. म्हणून एक जाडजूड, ओरखडे पडलेला, टवके उडालेला फॉन्ट काढला, 'कुस्त्यांची जंगी दंगल' टाईप केलं, स्क्रीनवर इतकं भारी दिसलं की सगळे खूश, लगेच प्रिंटला टाकलं.

दुपारी बॅनर समोरच्या भिंतीला लावून रस्त्याच्या ह्या कडेनं बघतो तर काय, 'जगी दगल'! टवका नेमका टिंबांवर पडलेला, जवळून अर्धं टिंब दिसायचं, लांबून काहीच नाही. इंग्रजीत अक्षराचा कोपरा उडाला तरी वाचता येतं हो, आपल्याकडं टिंब गेलं की शब्द गेला, अन् वरची रेघ भलत्या जागी तुटली की म चा भ वाटायला लागतो.

तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील, जुन्या ट्रेडल छपाई मशीनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात त्यांची हयात गेली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणले, "ह्या दोन्ही ग ला एकाच जागी मार कसा बसला रे? आमचा एकेक खिळा आपापल्या परीनं झिजायचा, शाई बी सगळीकडं सारखी लागायची नाही." मी नीट पाहिलं, खरंच की, जंगीतला अन् दंगलमधला ओरखडा हुबेहूब एक! फॉन्टमध्ये ग एकच, मग चरा बी एकच.

तो बॅनर माझ्या खर्चानं बाद केला. कोरल ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे सुटे आकार करून, टवके जाड दांड्यांत सरकवले, रेघ अन् टिंबं अखंड ठेवली, दुसऱ्या ग ला वेगळे ओरखडे दिले. अक्षरांवरचा बारीक ठिपक्यांचा रवा सगळा काढला, लांबून तो दिसत नाही अन् हँडबिलावर शाई भरून नुसता डाग होतो. पैलवानांची नावं, इनाम, वेळ साध्या मुक्ता फॉन्टमध्ये.

बॅनर न्यायला आलेले एकजण म्हणायले, "पोराच्या पत्रिकेला बी हेच घाला." मी स्पष्ट नाही म्हणलो. हे अक्षर आखाड्याचं, मोर्चाचं, नाटकाच्या नावाचं, ते बी दोन-तीन शब्दांपुरतं, नवरा-नवरीच्या नावाला तडा कशाला? पत्रिकेचं अक्षर मग अण्णांनीच निवडून दिलं.