आडोसा

आधीच सांगते, यातलं गाव, वय, दिवस, कुठलं हाड मोडलं ते, सगळं मी बदललंय, आणि जे बदललं नाही त्यावरून कुणी कुणाला ओळखू शकणार नाही. माझं कामच तसं आहे. मी न्यू जर्सीत मेडिकल इंटरप्रिटर आहे, म्हणजे पेशंटला इंग्लिश येत नसेल तर त्याचं डॉक्टरला आणि डॉक्टरचं त्याला सांगायचं, मराठी आणि हिंदी. कोविडनंतर बहुतेक काम व्हिडिओवर आलं. घरातल्या एका खोलीत दार लावून हेडसेट घालून बसते, त्या वेळात खोलीत दुसरं कुणी चालत नाही, नवरासुद्धा नाही, आणि कॉल संपला की वहीतलं पान श्रेडरमध्ये जातं. इथे १९९६ चा हिपा नावाचा कायदा आहे, त्यातले प्रायव्हसीचे नियम २००३ पासून हॉस्पिटलांना लागू झाले, उपचार, बिलं अशी कामाची कारणं सोडली तर पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय सहसा कुणाला सांगायची नाही, तुमचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असला तरी नर्स आधी विचारते की यांच्यासमोर बोललं तर चालेल का.

आपल्या माणसांना हा प्रश्न फार खटकतो. मी गेली अकरा वर्षं तो मराठीत विचारतेय आणि बहुतेक आयांची प्रतिक्रिया ठरलेली असते, आधी मुलाकडे बघतात, मग स्क्रीनकडे, आणि म्हणतात "अगं मुलगाच आहे तो माझा."

त्या दिवशीच्या आजी सातारा जिल्ह्यातल्या, अठ्ठ्याहत्तर वय, नऊवारी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. बाथरूममध्ये पडल्या आणि मनगट मोडलं, इमर्जन्सीत आणलं होतं. मुलगा उत्तम इंग्लिश बोलणारा, त्याला कळेना की मी असताना इंटरप्रिटर कशाला, पण इथे घरच्यांना दुभाषा म्हणून वापरायचं नाही असा नियम आहे, अगदी जिवावरचा प्रसंग असेल किंवा पेशंटनेच मागितलं तर गोष्ट वेगळी, आणि मला तो नियम मनापासून पटतो कारण मुलगा आईचं बोलणं नकळत गाळून सांगतो, माझ्यासमोर शेकडो वेळा झालंय. नर्सने चाकाच्या स्टँडवरचा टॅब्लेट ढकलत आणला, मी स्क्रीनवर दिसले, आणि आजींनी पहिली गोष्ट काय केली तर चांगल्या हाताने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मग विचारलं, "तू एकलीच हाईस का तितं? अजून कोन बघतंय का यातनं?"

नियमाप्रमाणे मी ते नर्सला इंग्लिशमध्ये सांगितलं, नर्स म्हणाली फक्त इंटरप्रिटरच आहे, आणि ती पण कुणाला काही सांगणार नाही. आजींनी मान हलवली पण पदर तसाच ठेवला. मला वाटलं नवी वस्तू आहे म्हणून बुजल्या असतील.

मग नर्सने मुलाला बाहेर जायला सांगितलं. हे इथे नेहमीचं आहे, म्हातारं माणूस पडून आलं, अंगावर वळ असतील तर एकट्याला गाठून विचारायचं की घरी कुणी त्रास देतं का. आजींच्या दंडावर काळानिळा डाग होता. मुलाचा चेहरा पडला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण आपल्याकडे दवाखान्यात आईला एकटं सोडून बाहेर जाणं म्हणजे जबाबदारी टाकणं, आणि इथे बाहेर जायला सांगणं म्हणजे तुझ्यावर संशय आहे असंच त्याला वाटलं असणार. नर्स म्हणाली, मला तुमच्या आईला थोडी प्रायव्हसी द्यायची आहे. हे वाक्य मराठीत सांगताना मी दर वेळी अडते. गोपनीयता म्हटलं की काहीतरी लपवायचंय असं वाटतं, एकांत म्हटलं तर भलताच अर्थ होतो, खासगी म्हटलं की कंपनी आठवते. मी सांगते, "तुम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून."

पुढचा प्रश्न, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का. आजी म्हणाल्या, "व्हय की, चोराचिलटाचं भ्या न्हाई इतं, पोरगं कुलूप लावून जातंय." मी नर्सला उत्तर सांगितलं आणि त्याच्या पुढे म्हटलं, इंटरप्रिटरला वाटतंय की प्रश्नाचा अर्थ पोचला नाही, कृपया उघड शब्दांत विचारा. मग तिने सरळ विचारलं की कुणी मारतं का, ढकलतं का, उपाशी ठेवतं का. आजींना आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर त्या इतक्या दुखावल्या की बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं पोरगं? रातीचं उठून माज्या अंगावर पांगरून घालतंय ते."

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आम्ही पेशंटचं बोलणं "मी" म्हणूनच बोलतो, म्हणजे आजी "माझं पोरगं" म्हणाल्या की मी पण इंग्लिशमध्ये "माझं पोरगं" म्हणायचं. त्या वाक्याला माझा आवाज थोडा हलला.

नर्सला अंगावर अजून कुठे लागलंय का ते बघायचं होतं. अशा वेळी टॅब्लेटवरचं प्रायव्हसीचं बटण दाबतात, माझ्याकडे स्क्रीन काळी होते, फक्त आवाज येतो. तिने बटण दाबलं आणि आजींना सांगितलं की आता हिला काही दिसत नाही. थोडा वेळ फक्त साडीची सळसळ ऐकू आली, आणि मग आजींचा आवाज, अगदी सहज, "हे बरं हाय, हिला बंद करता येतंय. आमचा न्हाई बंद होत."

नर्सने विचारलं, काय बंद होत नाही?

आणि मग ते सगळं बाहेर आलं. सकाळी आठला मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, संध्याकाळी सहापर्यंत आजी एकट्या. मागे एकदा शुगर कमी होऊन त्यांना चक्कर आली होती, म्हणून मुलाने त्यांच्या खोलीत कॅमेरा लावला, ऑफिसातून फोनवर बघायला. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही, माणूस कामावर बसून आईच्या काळजीने अर्धा होत असेल तर करणार काय. पण आजी त्या दिवसापासून खोलीत साडी नेसत नव्हत्या. नऊ वार साडी नेसायची तर दोन पावलं मागे सरायला जागा लागते, काष्टा घालायला वाकायला लागतं, आणि ते सगळं त्या टब आणि कमोडच्या मधल्या चिंचोळ्या ओल्या जागेत उभ्याने करायच्या, दार लावून. त्या दिवशी पायात पदर अडकला. दंडावरचा डाग टबाच्या कडेचा होता.

"तितं खोलीत आडोसाच न्हाई गं बाई," आजी म्हणाल्या.

आडोसा. माझ्याकडे दोन सेकंद असतात. पडदा म्हणावं तर पडदा नाही, भिंत म्हणावं तर भिंती चार होत्याच की, दारही होतं, त्या घरात आजींना स्वतंत्र खोली होती जी गावाकडे जन्मात नव्हती. शेवटी मी इंग्लिशमध्ये म्हटलं, तिथे नजरेच्या बाहेर जाता येईल अशी जागाच नाही. नर्स फिलिपिनो होती, ती थांबली आणि हळू म्हणाली, माझ्या आजीच्या घरी पण खोल्या नव्हत्या. तेही मी मराठीत सांगितलं.

मी स्वतः वाईजवळच्या गावात, एका जुन्या घरात वाढले. माजघरात आम्ही नऊ जण झोपायचो. कुणाचं काय दुखतंय, कुणाला किती पगार, कुणाकडे भाजी काय, सगळ्या आळीला माहीत. माझ्या आजीच्या लघवीची शीशी तपासायला नेली ती कुणाची आहे हे रस्त्यातल्या तीन बायकांनी विचारलं आणि माझ्या काकाने सांगितलंसुद्धा. अमेरिकेत हे ऐकून लोक हबकतील, पण त्याच घरात आजोबा पडवीतून आत येताना खाकरायचे. नुसतं हं करायचे, आणि माजघरातल्या बायकांना कळायचं, पदर सावरला जायचा, पाजत असलेली पाठ फिरवायची. नदीवर बायका सगळ्यांदेखत ओल्या साडीवरून कोरडी साडी नेसायच्या आणि वरून जाणारा गडी मान वळवून जायचा, त्याला कुणी शिकवलेलं नसायचं. आमच्याकडे दारं नव्हती म्हणून नजरेला वळण लावलेलं होतं. आणि कॅमेऱ्याची अडचण हीच की तो खाकरत नाही, मान वळवत नाही, तो कधी बघतोय आणि कधी नाही हेच कळत नाही, त्यामुळे माणसाला चोवीस तास तो बघतोय असंच धरून वागावं लागतं.

नर्सने आजींना सांगितलं की तुमच्या परवानगीशिवाय मी हे मुलाला सांगणार नाही. आजी गोंधळल्या. त्यांना ते मुलापासून लपवायचं नव्हतंच. त्यांना फक्त ते स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं, आणि हा फरक इथल्या फॉर्मवर कुठेच बसत नाही, तिथे शेअर करा किंवा करू नका एवढे दोनच चौकोन असतात. "मी म्हनली असं नगा सांगू, तुमचं म्हनून सांगा," आजी म्हणाल्या. नर्सला हे पटकन समजलं याचं मला फार बरं वाटलं.

मुलगा आत आला. नर्स डिस्चार्जच्या सूचना देताना म्हणाली, यापुढे बाथरूममध्ये उभ्याने कपडे घालायचे नाहीत, खोलीत पलंगावर बसून घालायचे, आणि खोलीत कॅमेरा वगैरे असेल तर तो दाराकडे किंवा पॅसेजमध्ये लावा, मी सगळ्याच घरांना सांगते. मुलगा इंग्लिशमध्ये म्हणाला की कॅमेरा फक्त पडण्याच्या भीतीने आहे, आई आवरत असते त्या वेळी मी कधीच उघडत नाही.

पेशंटसमोर बोललेलं सगळं पेशंटला सांगायचं हा आमचा नियम आहे. म्हणून त्याचं बोलणं मी त्याच्याच आईला मराठीत सांगितलं, "मी" म्हणून, "आई आवरत असते त्या वेळी मी कधीच उघडत नाही." इतक्या वर्षांत मला इतकं अवघड वाक्य आलं नव्हतं. आई आणि मुलगा हाताच्या अंतरावर, एकच भाषा बोलणारे, आणि मध्ये मी, चाकाच्या स्टँडवर.

आजी माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तू बघत न्हाईस रं. त्यो बघतोय न्हवं."

मी ते नर्ससाठी इंग्लिशमध्ये म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच आवाज खाली आणला. मुलगा मटकन खुर्चीवर बसला. "आई, मला सांगायचं ना गं."

"काय सांगायचं पोराला?"

तेवढंच. नर्सने विचारलं काय म्हणाल्या, मी दोन्ही वाक्यं सांगितली, मग तिने पट्टीत अडकवलेला हात उंच कसा ठेवायचा ते दाखवलं, गोळ्या सांगितल्या, आणि कॉल संपला. जाता जाता आजींनी मला गाव विचारलं. स्वतःची माहिती द्यायची नाही हा आमचा नियम आहे, आणि तो चांगल्यासाठी आहे, पण म्हाताऱ्या माणसाने गाव विचारलं आणि आपण सांगितलं नाही हे मराठीत फार उद्धट वाटतं. मी म्हटलं, आजी, मला सांगता येत नाही, पण तुमची भाषा माझ्या घरची आहे.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. अमेरिकेत प्रायव्हसी हा कायद्याचा हक्क म्हणून पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी, १८९० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमधल्या लेखात, आणि त्यांची तक्रार कशाबद्दल होती तर झटपट फोटो काढणारे नवे कॅमेरे आणि लोकांच्या घरातल्या गोष्टी छापणाऱ्या पेपरांबद्दल. कोडॅकचा हातातला कॅमेरा १८८८ साली बाजारात आला होता. म्हणजे आज इथे जी फायली, सह्या आणि पासवर्डची प्रायव्हसी झालीय तिचीसुद्धा सुरुवात आजींच्याच तक्रारीपासून आहे. आणि आपल्याकडे प्रायव्हसी ही पाश्चात्त्यांची थेरं असं म्हणणारे मला दर गणपतीत भेटतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तोपर्यंत सरकार कोर्टात तसा मूलभूत हक्क नाही म्हणूनच भांडत होतं. मला त्या लोकांना खाकरणाऱ्या आजोबांबद्दल सांगावंसं वाटतं.

पण खरं म्हणजे मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. पुण्यात माझे बाबा एकटे असतात, आई गेल्यापासून. त्यांच्या हॉलमध्ये कॅमेरा आहे. मी लावलाय. दिवसातून चार-पाच वेळा मी ॲप उघडते, ते पेपर वाचताना दिसले की मला बरं वाटतं.

सकाळी फोन केला आणि विचारलं, बाबा, त्या कॅमेऱ्याचा त्रास होतो का तुम्हाला? नाही गं, त्रास कसला, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त दुपारी आडवं व्हायचं असलं की मी आतल्या खोलीत जातो. दिवाणावर बरं नाही वाटत."

तो दिवाण खिडकीखाली आहे. चाळीस वर्षं ते दुपारी तिथेच झोपायचे, पेपर तोंडावर घेऊन. आणि मी तो रिकामा दिवाण रोज बघत होते आणि मला वाटत होतं बाबा हल्ली दुपारचे झोपत नाहीत.

मी त्यांना म्हटलं शेजारच्या मुलाला बोलवा आणि कॅमेरा दाराकडे वळवून घ्या, पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, घाई नाही. पंधरा मिनिटांनी ॲप उघडलं तर दार दिसत होतं. स्वतःच स्टुलावर चढले होते. त्यावरून मी त्यांना खूप ओरडले.