एकच सीट, तीन पाठी

परवा एका मैत्रिणीने विचारलं, लाँग ड्राइव्हसाठी सगळ्यात आरामदायी सीट कुठल्या गाडीची? मी तिला आधी तिची उंची विचारली. तिला वाटलं मी विषय बदलतेय. पण खरंच, उंची कळल्याशिवाय यावर काही सांगताच येत नाही, कारण आमच्याच घरात एका गाडीच्या एका सीटबद्दल तीन मतं आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

मी ५ फूट १ इंच, नवरा पूर्ण ६ फूट, आणि भाऊ उंचीला मध्यम पण खांद्यात आणि कमरेत रुंद. गाडी घेताना शोरूममध्ये दहा मिनिटं बसलो, एक छोटी टेस्ट ड्राइव्ह मारली, सीट मस्त मऊ लागली, घेऊन टाकली. मग पहिला सहा तासांचा प्रवास झाला. दुसऱ्या तासाला माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या, आधी वाटलं सँडलचा पट्टा घट्ट झालाय म्हणून तो सैल केला, मग पाय हलवून बघितले, काही फरक नाही. गाडी थांबवून उतरले आणि गुडघ्यामागे हात फिरवला तर तिथे सीटच्या शिवणीचा आडवा वळ उमटलेला, बोटाला लागेल इतका.

कुशन माझ्या मांडीपेक्षा लांब होतं, एवढंच कारण. पाठ नीट टेकवली की पुढची कड गुडघ्यामागे रुतायची, ती रुतू नये म्हणून मी नकळत पुढे सरकायचे, आणि पुढे सरकलं की कमरेमागे पोकळी, मग पाठीचा बाक. नवऱ्याचं नेमकं उलटं, त्याची निम्मी मांडी हवेत, सगळा भार माकडहाडावर, त्यामुळे तो दर वीस मिनिटांनी चुळबुळ करणार. आणि भावाला दोन्ही बाजूचे उंचवटे, म्हणजे बोलस्टर, ते मांड्यांना दाबत होते. वळणावर शरीर जागेवर राहावं म्हणून ते दिलेले असतात, पण रुंद माणसाला तेच काचतात.

गाड्यांच्या सीट साधारणपणे बुटक्या बाईपासून उंच पुरुषापर्यंत बहुतेकांना चालतील अशा बेताने बनवतात. सीट पुढे-मागे होते, बऱ्याच गाड्यांत वर-खालीही होते, पण कुशनची लांबी मात्र बहुतेक गाड्यांत बदलता येत नाही. म्हणून मी आता सगळ्यात आधी तेच बघते. पाठ पूर्ण टेकवायची आणि कुशनची कड नि गुडघ्यामागची खळगी यांच्यात दोन-तीन बोटं जातात का ते बघायचं. बोटंच जात नसतील तर ती सीट माझ्यासाठी लांब आहे, आणि अख्खा तळहात जाऊन वर जागा उरत असेल तर उंच माणसाची मांडी लटकणार. काही गाड्यांत कुशनचा पुढचा भाग ओढून लांब करता येतो, उंच लोकांनी त्यासाठी बाकी एखादं फीचर सोडलं तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे.

मऊपणाचंही तसंच. मऊ फोममध्ये सुरुवातीला छान वाटतं, पण तासाभराने आपण त्यात रुततो, कंबर गोल होते आणि हालचालही नीट करता येत नाही. थोडी कडक सीट पहिल्या पाच मिनिटांत आवडत नाही आणि चौथ्या तासाला तीच बरी वाटते. त्यात चालत्या गाडीची थरथर असते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकाव्यांना सगळ्यात जास्त साथ देतो, म्हणजे त्या लयीत तो स्वतःही सगळ्यात जास्त हलतो, आणि खराब रस्त्यावर गाडी नेमकी त्याच्याच आसपास हलते, त्यामुळे कमरेला आधार नसेल तर दिवसअखेर पाठ बोलतेच.

स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जननी १९६० च्या दशकात चक्क सुई घालून मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला होता. त्या कामातून पुढे हे दिसलं की पाठ थोडी मागे रेलून कमरेला आधार मिळाला तर दाब कमी होतो. म्हणून पाठ ९० अंशात ताठ नको, १०० ते ११० च्या मध्ये बरी.

माझ्यापुरता उपाय टॉवेलने झाला. आधी मोठा टॉवेल गुंडाळला, तो इतका टोचला की अर्ध्या तासात काढून मागे टाकला. मग हात पुसायचा पातळ टॉवेल चार घड्या करून, पँटच्या पट्ट्याच्या बरोबर वर, कमरेच्या खोलगट जागेत ठेवला आणि पहिल्यांदा खांदे आपोआप खाली आले. पाठभर पातळ गादी लावली तर मी थोडी पुढे येते आणि कुशनची लांबीही तेवढी कमी होते, पण त्यात एक धोका आहे, डोकं हेडरेस्टपासून लांब जातं आणि छाती स्टिअरिंगच्या जवळ. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर हवंच, एअरबॅगसाठी. म्हणून जाड गादी अजिबात नको. आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती शिवण झाकणारं कव्हर घालू नका, प्लीज.

नवऱ्याने मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवायला सुरुवात केली आणि त्याची एका बाजूची ठणक बरीच कमी झाली, एका कुल्ल्याखाली जाड पाकीट म्हणजे पाच-सहा तास तिरकं बसणं. दर दोन तासांनी उतरून चालणं तर सगळ्यांनाच लागू, त्यावर वेगळं काय लिहिणार.

मैत्रिणीला मी सांगितलं की गाडी चालवून बघायच्या आधी बंद गाडीत अर्धा तास नुसती बस, नेहमीचे बूट घाल, ब्रेक पूर्ण दाबून बघ गुडघा थोडा वाकलेला राहतो का, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का, आणि हेडरेस्टचं टोक डोक्याच्या उंचीपर्यंत येतं का. ती गेली आणि खरंच बसली. काल तिचा फोन आला, जी सीट तिला सगळ्यात मऊ आणि आवडती वाटली होती तिच्यात वीस मिनिटांनी तिचा डावा गुडघा मधल्या कन्सोलला घासायला लागला, आता ती उद्या दुसरी गाडी बघायला जातेय, घडी घातलेला टॉवेल पर्समध्ये घेऊन.