बाईंची २० जुलै

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं तेव्हा मी सिंगापूरला बोटीवर होतो. बायकोने घरून पत्राचा फोटो पाठवला. त्या रात्री ड्यूटी संपल्यावरही झोप लागली नाही. शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. विहिरीजवळचा आंबा आहे, गॅदरिंग आहे, कबड्डीत आणलेली ढाल आहे. ते सगळं माझे वर्गमित्र लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला बाईंच्या दिनविशेषाच्या फळ्याबद्दल लिहायचं आहे. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की इतिहास-भूगोलाच्याच बाई. नाव लिहायची गरज नाही.

कार्यालयाबाहेरचा तो फळा सगळ्यांना आठवत असेल. इतर शाळांत दिनविशेष म्हणजे सुविचाराखाली एक ओळ, कुणाची तरी जयंती नाहीतर पुण्यतिथी. बाईंच्या फळ्यावर एकाच तारखेच्या पाच-सहा घटना असायच्या, पाच-सहा देशांतल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या. हे सगळं यायचं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यातून. जुन्या लग्नपत्रिका सारख्या मापाच्या कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी एकेक तारीख लिहिली होती. २९ फेब्रुवारी धरून ३६६ कार्डं. काहींच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट तसंच दिसायचं. काळ्या शाईत घटना, लाल शाईत ती कुठे सापडली ते. दोन ठिकाणी सापडल्याशिवाय घटना फळ्यावर जायची नाही, हा बाईंचा नियम. विश्वकोशाचे खंड त्या ग्रंथालयातून घरी न्यायच्या आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत आणायच्या.

१९८४ च्या जुलैमधली गोष्ट. मी आठवी ‘ब’मध्ये होतो. २० जुलैला शुक्रवार होता आणि पाऊस असा कोसळत होता की परिपाठ मैदानावर झालाच नाही, ज्याच्या त्याच्या वर्गात झाला. आमच्या वर्गातल्या मुलाने दर्शनी फळ्यावरचा दिनविशेष वाचून दाखवला. पहिलीच ओळ होती, ‘१९६९ : मानवाचे चंद्रावर पहिले पाऊल.’ मुलींच्या रांगेतून एक हात वर आला. ती मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या आजोबांच्या रोजनिशीत २१ जुलै आहे.” वर्ग हसला. सगळ्या पुस्तकांत २० जुलै, सामान्यज्ञानाच्या परीक्षेत उत्तर २० जुलै, आणि ही आजोबांची रोजनिशी काढते. बाई मात्र हसल्या नाहीत. “उद्या आणशील का गं?” एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या शाळेत ती मुलगी रोजनिशी घेऊन आली. बाईंनी हात पुसले, पान उघडलं आणि वाचलं : सोमवार, २१ जुलै, सकाळी रेडिओ, माणूस चंद्रावर. तेव्हा आपल्याकडे ऐकायला रेडिओच होता. मुंबईला टीव्ही आला तोच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला.

वर पत्र्याचं छप्पर, बाहेर धो धो पाऊस. पहिल्या बाकावरच्यालाही बाईंचा आवाज ऐकू येईना. मग त्यांनी बोलणं सोडलं आणि फळ्यावर तीन उभ्या रेघा मारल्या. एकीवर लिहिलं ह्यूस्टन, म्हणजे अमेरिकेतून चांद्रमोहीम जिथून चालवली ते शहर, दुसरीवर ग्रीनिच, तिसरीवर आपल्या गावाचं नाव. गावाचं नाव ह्यूस्टनच्या शेजारी पाहून आम्हाला केवढं वाटलं! मग त्या वेळा मांडत गेल्या. ‘ईगल’ हे यान चंद्रावर टेकलं तेव्हा ह्यूस्टनला २० जुलैच्या दुपारचे ३ वाजून १७ मिनिटं, ग्रीनिचला रात्रीचे ८ वाजून १७, आणि आपल्याकडे २१ जुलै लागलीही होती, मध्यरात्र उलटून १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते आणखी साडेसहा तासांनी. ह्यूस्टनला तेव्हा अजून २० तारीखच, रात्रीचे ९:५६. पण ग्रीनिचला २१ जुलैची पहाट, २:५६. आपल्याकडे सोमवार सकाळ, ८:२६. म्हणजे आजोबा कानाला रेडिओ लावून बसले होते ती वेळ बरोबर जुळत होती.

बाईंनी त्या मुलीला उभं केलं आणि ‘तुझ्या आजोबांचं नाव कार्डावर लिहू का?’ असं खडूने फळ्यावर लिहून विचारलं. तिने मान हलवली. लाल शाईत, विश्वकोशाच्या ओळीखाली, त्यांचं नाव आणि ‘रोजनिशी’ असं लिहिलं गेलं. आम्ही पाहत होतो. आपल्या गावातला एक निवृत्त पोस्टमन इतिहासाचा पुरावा झाला होता.

एरवी तास तिथे संपला असता. पण पुढचा तास गणिताचा होता, गणिताचे सर पुरामुळे पोचले नव्हते, आणि बाईंनी ते २० जुलैचं अख्खं कार्ड आमच्यापुढे उलगडलं. पाऊसही थोडा ओसरला होता. पुढे इतकी वर्षं मी जे काही वाचलं, त्याची सुरुवात त्या तासाची आहे, असं मी मानतो.

१८१०, बोगोटा. तीही २० जुलै शुक्रवारची आणि बाजाराचा दिवस. काही स्थानिक मंडळी ल्योरेन्ते नावाच्या स्पॅनिश व्यापाऱ्याच्या दुकानात एक फुलदाणी उसनी मागायला गेली, सरकारी पाहुण्याच्या मेजवानीसाठी. तो देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. बाचाबाची झाली, बाजारातली गर्दी उसळली आणि त्यातून कोलंबियाच्या स्वातंत्र्याची सुरुवात झाली. वर्ग फुलदाणीत अडकला, तेव्हा बाई म्हणाल्या, “अरे, फुलदाणी निमित्त. वार आणि जागा त्यांनी आधीच ठरवली होती.”

१९०८, बडोदा. सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा, त्याने १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि दोन वर्षांनी बँक उभी केली. त्याच बँकेचं १३ इतर बँकांबरोबर राष्ट्रीयीकरण झालं १९ जुलै १९६९ ला, म्हणजे ह्यूस्टनच्या तारखेने ‘ईगल’ उतरायच्या आदल्या दिवशी. १९१९ मध्ये ऑकलंडला एडमंड हिलरींचा जन्म. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजून २३ मिनिटं. “हे बघा, ही मात्र सगळीकडची २० जुलै,” असं बाईंनी ह्यूस्टनच्या आणि ग्रीनिचच्या रेघेवर टिचकी मारत सांगितलं. खरं तर ते यान ४ जुलैलाच उतरवायचं होतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती म्हणून. पण फोटोंत जागा खडबडीत दिसली, तेव्हा मुहूर्त सोडून दिला.

बाई सर्वांत जास्त थांबल्या त्या दोन बॉम्बांपाशी.

पहिला २० जुलै १९४४ चा. पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्गजवळचं हिटलरचं मुख्य ठाणं. हिटलरला मारायला निघालेला त्याच्याच सैन्यातला कर्नल श्टाउफेनबर्ग. त्याचा उजवा हात गेलेला, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, डावा डोळा गेलेला. उरलेल्या तीन बोटांनी त्याने स्फोटकाचा फ्यूज चालू केला. दुसरं स्फोटक तयार करायला वेळ मिळाला नाही. बैठक नेमकी उघड्या खिडक्यांच्या बराकीत होती. त्याने बॅग टेबलाखाली ठेवली आणि तो बाहेर पडला. कुणाच्या तरी पायाला ती लागली म्हणून त्याने टेबलाच्या जाड पायापलीकडे सरकवली. १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला, चार जण गेले, हिटलर वाचला. बॅग सरकवणाराही मेला. श्टाउफेनबर्गला त्याच मध्यरात्रीनंतर बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या.

दुसरा बॉम्ब ८ एप्रिल १९२९ चा, दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळातला. तो २० जुलैच्या कार्डावर का, असं मीच विचारलं. बाई म्हणाल्या, “कारण तो फेकणाऱ्या दोघांपैकी बटुकेश्वर दत्त २० जुलै १९६५ ला गेले.” कुणाला लागू नये म्हणून भगतसिंग आणि दत्त यांनी रिकाम्या बाकांच्या दिशेने बॉम्ब टाकले, पत्रकं उधळली आणि पळून न जाता स्वतःला पकडून दिलं. दत्तांना काळं पाणी झालं. स्वातंत्र्यानंतर ते पाटण्यात राहिले, फारसं कुणी विचारलं नाही. दिल्लीच्या इस्पितळात गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे सतलजकाठी हुसैनीवाला इथे, भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांच्या समाधीजवळ त्यांना अग्नी दिला. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला. “चंद्रावरचं पाऊल तुम्हाला कुणीही सांगेल,” त्या म्हणाल्या, “दत्तांचं नाव तुम्ही सांगायचं.” मी ते आजपर्यंत सांगत आलो आहे. माझ्या दोन्ही मुलांना सांगितलं, बोटीवरच्या केरळी आणि फिलिपिनो पोरांनाही सांगितलं.

बोटीवर चीफ इंजिनीअर झालो त्याचं श्रेय गणिताच्या सरांना आहेच. पण तारखेकडे आणि घड्याळाकडे बघायला मला बाईंनी शिकवलं. योकोहामाहून लाँग बीचला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की लॉगबुकात तीच तारीख दुसऱ्यांदा लिहावी लागते. पहिल्यांदा ते केलं तेव्हा शेजारचा कॅडेट गोंधळला. मी कागदावर तीन उभ्या रेघा मारल्या आणि त्याला समजावलं. एका वर्षी २० जुलैला आम्ही कोलंबियातल्या कार्ताहेनाच्या बंदरात होतो. गॅलरी-गॅलरीत पिवळा-निळा-लाल झेंडा. एजंटचा माणूस कागदपत्रं घेऊन आला, त्याला मी फुलदाणीची गोष्ट सांगितली. हातातली फाइल खाली ठेवून त्याने मला मिठी मारली. त्या रात्री बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर पुढच्या बंदरात मिळालं, त्यात पहिलाच प्रश्न, ‘झेंड्यातला पिवळा पट्टा इतर दोघांपेक्षा रुंद आहे ना? पाहून कळव.’ आहे. दुप्पट रुंद आहे.

मागच्या सुट्टीत शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, स्लॅबखाली पावसाचा आवाज येत नाही, वर्गात मोठे पडदे आहेत. परिपाठात एका मुलीने मोबाइलवर आलेला दिनविशेष वाचला. घडाघडा वाचला. त्यातल्या दोन जन्मतारखा चुकीच्या होत्या आणि कुणीच हात वर केला नाही. मला फार वाईट वाटलं. मुलांचा यात काही दोष नाही. हात वर केला तर कुणी ‘उद्या आणशील का गं?’ म्हणेल, हे त्यांना ठाऊकच नाही.

बाई गेल्यावर त्यांच्या मुलीने तो डबा आमच्या बॅचकडे सोपवला आहे. कार्डं पूर्ण नाहीत. दहावीच्या निरोप समारंभाला जो कुणी मागेल त्याला बाई त्याच्या वाढदिवसाचं कार्ड देऊन टाकायच्या आणि स्वतःसाठी पुन्हा लिहायच्या. शेवटच्या काही वर्षांत हात चालेना, तेव्हाची कार्डं पुन्हा लिहिली गेली नाहीत. आम्ही सगळी कार्डं टाइप करून, प्रत्येक घटना पुन्हा दोन ठिकाणी ताडून, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुख्याध्यापकांच्या हाती देणार आहोत. कार्यालयाबाहेर खडूचा फळा पुन्हा लावायचा आणि रोज एका मुलाने कार्ड बघून स्वतःच्या हाताने लिहायचं, एवढी विनंती त्यांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. फळ्याचा खर्च आमची बॅच करेल. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे बाईंचं कार्ड असेल त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात आणून दाखवावं किंवा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो पाठवावा. मूळ कार्ड तुमच्याकडेच राहील. लाल शाईतल्या ओळी नीट दिसतील असा फोटो काढा.