रेषा ठेवायला पैसे लागत नाहीत

शहराचा दीर्घकालीन परिवहन आराखडा अद्ययावत करतो म्हणजे नक्की काय करतोस, असं कुणी विचारलं की मी सांगतो, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आजच्या शहराचं भविष्य लिहून ठेवलेलं असतं, ते काढून वाचतो. त्यातलं काय झालं, काय राहिलं, काय आता होणारच नाही, याचा हिशेब मांडतो आणि पुढच्या वीस वर्षांचं भविष्य लिहायला बसतो. ते वाचून हसायला पुढे दुसरं कुणीतरी असतंच.

यातलं बरंचसं काम रटाळ आहे. घरोघर जाऊन काल कुठे गेलात, कशाने गेलात, किती वाजता निघालात हे विचारायचं, चौकाचौकांत गाड्या मोजायच्या, लोकसंख्येचे अंदाज जुळवायचे. मग चार टप्प्यांचं मॉडेल चालवायचं: कुठून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कोणत्या वाहनाने जातील आणि कोणत्या रस्त्याने. १९५०च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांत हा सांगाडा उभा राहिला, आणि संगणक कितीही बदलले तरी बहुतेक शहरांत तोच अजून चालतो आहे.

आमच्या जुन्या आराखड्यात एक बाह्य वळण रस्ता होता. नकाशावर शहराला विळखा घालून गेलेली जाड तुटक रेषा. वीस वर्षांत त्यातला एक मीटरही झाला नव्हता. नव्या यादीत त्याच्यापुढे ‘प्रस्ताव कायम’ असा शेरा आधीच पडलेला होता. मी साहेबांना विचारलं, हा ठेवायचाच का? ते म्हणाले, “अहो, राहू द्या. रेषा ठेवायला पैसे लागत नाहीत. काढली तर का काढली म्हणून चार जण विचारतील.” कार्यालयाच्या हिशेबाने यात काही चूक नव्हतं. काढायचं तर कारण लिहावं लागतं, टिपणी फिरवावी लागते, कुणाची तरी सही लागते. ठेवायला काहीच लागत नाही.

मग सुनावणीचा दिवस आला. सभागृहात फलकांवर मोठे नकाशे लावले होते, शेजारी सूचनांच्या चिठ्ठ्या आणि पेनं. अशा सुनावण्यांत लोक वीस वर्षांनंतरचं बोलायला येत नाहीत, आजचं बोलायला येतात. बस वेळेवर येत नाही, सिग्नलला पायी ओलांडायला वेळ पुरत नाही, शाळेसमोर गाड्या लावतात. आमच्यातल्या काहींना याचा वैताग येतो, ‘हा या बैठकीचा विषय नाही’ असं ते सांगत सुटतात. मला हे पटत नाही. ज्याला रोज रस्ता ओलांडता येत नाही त्याने पुढच्या वीस वर्षांवर मत का द्यावं?

दुपारच्या सुमारास एक वयस्कर गृहस्थ आले. बाकी फलकांकडे न बघता ते थेट त्या तुटक रेषेच्या नकाशापाशी गेले आणि त्यांनी एका जागी बोट ठेवलं. “हे माझं घर.” नकाशावर घरं दाखवलेलीच नव्हती, पण बोट अडखळलं नाही. त्यांच्या काखेत प्लास्टिकचं फोल्डर होतं. वरचा मजला बांधायची परवानगी मागणारा अर्ज, त्याला आलेला नकार, मग पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. प्रत्येक पत्रात तेच वाक्य, नुसती तारीख वेगळी: ‘सदर मिळकत प्रस्तावित रस्त्याने बाधित होत असल्याने परवानगी देता येत नाही.’ त्याच वाक्यामुळे बँकेने कर्ज दिलं नव्हतं आणि ठरत आलेली विक्री मोडली होती.

ते चिडलेले नव्हते. चिडून झालं असावं. म्हणाले, “साहेब, रस्ता आला असता तर मोबदला घेऊन उठलो असतो. तो येत नाही. बरं, येणार नाही म्हणावं, तर तसंही कुणी लिहून देत नाही.” मी ठरलेलं उत्तर दिलं, की आराखड्याचं पुनरावलोकन चालू आहे, तुमची हरकत नोंदवून घेतो. त्यांनी मान डोलावली. हे उत्तर त्यांच्या फोल्डरातही कुठेतरी असणार.

मग त्यांनी जुन्या नकाशाची झेरॉक्स काढली आणि विचारलं, “ही रेघ केवढी रुंद आहे?”

मी म्हटलं, रस्ता ३० मीटरचा प्रस्तावित आहे. “रस्त्याचं नाही विचारत. रेघेचं विचारतोय. माझं घर रेघेच्या आत आहे का बाहेर?” त्यांनी खिशातून शाळकरी मुलाची असते तशी छोटी पट्टी काढून माझ्या हातात दिली. छायाप्रतीवर मोजून उपयोग नव्हता, प्रमाण बदललेलं असू शकतं. म्हणून मी फलकावरचा मूळ नकाशा मोजला. प्रमाण १:२५,०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. रेषेची जाडी दोन मिलिमीटर भरली.

पन्नास मीटर. रेषा रस्त्यापेक्षा जाड होती. मग रस्ता तिच्या डाव्या कडेने जाणार, उजव्या की मधून, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग मला वीस वर्षं कुठल्या कडेवरून नाही म्हणतायत?”

सुनावणी आटोपल्यावर नकाशांचं काम बघणाऱ्या सहकारी मुलीला मी थांबवून घेतलं. जुन्या नकाशाचं स्कॅन खाली ठेवून त्यावर संगणकातला रस्त्यांचा थर टाकायला सांगितला. संगणकातली रेषा कितीही मोठी करा, केसाएवढी बारीकच राहते, आणि बारीक आहे म्हणून ती अचूक वाटते. स्कॅनवर ठेवली तेव्हा खरं दिसलं. काही ठिकाणी ती जाड रेषेच्या मधून जात होती, काही ठिकाणी एका कडेने. वळणावर तर चक्क बाहेर पडली होती. कधीकाळी कुणीतरी संगणकाच्या माउसने बिंदू टिपत ही रेषा उतरवून घेतली असणार, आणि वळणावर बिंदू कमी टिपल्यामुळे गोलाईच्या जागी सरळ तुकडे आले होते. त्या गृहस्थांचं घर अशाच एका तुकड्याखाली होतं. मागच्या दोन खोल्यांवरून रेषा गेली होती.

ती स्कॅन मोठं करत करत खालच्या कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, “सर, हे वाचलंत?” बारीक अक्षरांत छापलं होतं: आखणी केवळ दर्शक असून प्रत्यक्ष सर्वेक्षणानंतर निश्चित करण्यात येईल. संगणकातल्या थराच्या तक्त्यात मात्र तीनच रकाने होते: नाव, रुंदी, स्थिती. तळटीप भरायला जागाच नव्हती, म्हणून ती कागदावरच राहून गेली. पुढे परवानगी विभागाने त्या केसाएवढ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटरचा पट्टा आखला आणि पट्ट्यात जे जे आलं ते बाधित ठरवलं. यात कुणीच खोटं काम केलेलं नव्हतं. आखणाऱ्याने तळटीप लिहिली होती, उतरवणाऱ्याने दिसलं ते उतरवलं, परवानगीवाल्याने नियमाप्रमाणे पट्टा काढला.

विकास योजनेतलं आरक्षण असतं तर त्याला काही मुदत असते, मालकाला नोटीस देऊन ते सोडवून घेण्याचा मार्ग असतो. ही रेषा आरक्षणही नव्हती, नुसती परिवहन आराखड्यातली सूचना. कायद्याचं बळ नाही, म्हणून कायद्याची मुदतही नाही. हा प्रश्न जुना आहे. लंडनमध्ये १९६०च्या दशकात शहराभोवती वर्तुळाकार महामार्ग आखले, थोडे तुकडे बांधले आणि १९७३ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये सत्ता बदलल्यावर बाकीचे सोडून दिले. पण आखणीखालच्या घरांची किंमत सोडून देण्याची वाट बघत थांबत नाही, ती आधीच पडते. इंग्लंडच्या १९९०च्या नगररचना कायद्यात अशा घरमालकाला, ठरावीक अटींत, ‘माझं घर आता तुम्हीच विकत घ्या’ अशी नोटीस प्राधिकरणाला देता येते. अमेरिकेने १९९१च्या कायद्यात दुसऱ्या टोकाने हात घातला: महानगराच्या आराखड्यात तेवढेच प्रकल्प धरा, जेवढ्यांसाठी पैसा येण्याची वाजवी अपेक्षा दाखवता येईल. बाकीची स्वप्नं वेगळ्या यादीत. म्हणजे रेषा ठेवायला पैसे लागतात, आणि ते कुठून येणार हे आधी सांगावं लागतं.

पण घर वाचतंय म्हणून रस्ता काढायचा, असंही करता येत नाही. रस्ता खरोखर लागतो का, हे बघायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी मॉडेल पुन्हा उघडलं. रस्ता नसेल तर आतल्या पुलांवर मागणी क्षमतेच्या वर जाते, हे अहवालात होतंच. अशा वेळी वेळेचा हिशेब करायला अजूनही १९६४चं एक अमेरिकी सूत्र वापरतात, ज्यात मागणी आणि क्षमतेच्या गुणोत्तराचा चौथा घात येतो. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांची वाट असेल तर रस्ता पुरता भरल्यावर साडेअकरा मिनिटं लागतात, मागणी क्षमतेच्या दुप्पट झाली की चौतीस. चौथ्या घातामुळे आकडे एकदम अंगावर येतात, आणि तक्त्यात ते पाहिले की समितीतला प्रत्येक जण वळण रस्त्याच्या बाजूचा होतो.

मला खटकलं ते वेगळंच. रस्ता असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गणितांत बाहेरच्या विभागांची लोकसंख्या सारखीच धरलेली होती. म्हणजे तीस मीटरचा रस्ता होणार आणि त्याच्या कडेला एकही इमारत वाढणार नाही! नवा रस्ता स्वतःची वाहतूक घेऊन येतो, हे अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच गर्दीच्या वेळच्या महामार्गांबद्दल मांडलं होतं, ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ मध्ये तसाच निर्वाळा दिला. मी रस्त्याकडेच्या विभागांत थोडी वस्ती वाढवून गणित पुन्हा चालवलं. पुलांवरचा दिलासा बराचसा वितळला. एका भागात मात्र तो टिकला: मालधक्का आणि महामार्ग यांच्यामधल्या तुकड्यात. तिथली वाहतूक ट्रकांची आहे, माल कुठे उतरायचा ते ठरलेलं आहे आणि आज ते ट्रक वस्तीतून जातात.

त्या गृहस्थांचं घर याच तुकड्यात होतं.

पुढच्या आठवड्यात ते कार्यालयात आले तेव्हा मी सगळं जसं आहे तसं सांगितलं. बराचसा वळण रस्ता वगळावा असं मी सुचवणार आहे, पण तुमच्याकडचा तुकडा ठेवावा लागेल. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठेवा. पण तारीख द्या. घर जाणार असेल तर अमुक साली जाणार म्हणा. मी माझं बघतो.”

मी प्रस्तावांच्या तक्त्यात ‘मुदत’ हा रकाना घातला. या सालापर्यंत भूसंपादन सुरू झालं नाही तर रेषा आपोआप रद्द, कुणाच्या सहीशिवाय. थराच्या तक्त्यात तळटिपेसाठीही एक रकाना वाढवून घेतला, तो मात्र कुणाच्या लक्षातही आला नाही. मुदतीवर बैठकीत बराच वाद झाला. तारीख छापली की उद्या लोक कोर्टात जातील, असं एकाचं म्हणणं. जाऊ देत की, निदान जायला कारण तरी मिळेल, असं मी म्हणून गेलो आणि साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. पण वगळायच्या तुकड्यांच्या टिपणीवर पहिली सही त्यांनीच केली, हे सांगितलं पाहिजे. त्या भागातले अडकलेले अर्ज आता परवानगी विभागात पुढे सरकायला लागले आहेत.

मालधक्क्याच्या तुकड्यापुढे ‘मुदत’ या रकान्यात मी साल लिहिलं होतं. अंतिम प्रतीत तिथे ‘पुढील पुनरावलोकनात निश्चित करण्यात येईल’ असं छापून आलं. माझं वेगळं मत मी फाइलवर नोंदवलं आहे. त्या तुकड्याच्या जमिनीवरच्या सर्वेक्षणाची निविदा मात्र निघाली. आखणीचे दगड रोवले गेले की घर आत आहे की बाहेर, एवढं तरी ठरेल. त्या गृहस्थांना मी निविदेची प्रत दिली. त्यांनी ती फोल्डरात घातली आणि विचारलं, “यात काम पुरं करायची तारीख कुठल्या पानावर आहे?”